पहिल्या मृत्यूनंतर केअर प्लॅनचा शेवटचा रकाना कोराच आहे. नर्सिंग सोडावे का?

प्रश्न (विद्यार्थिनी, बी.एस्सी. नर्सिंग, तिसरे सत्र)

नमस्कार. मी मराठवाड्यातील एका खेड्यातली आहे आणि माझे दहावीपर्यंतचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले आहे. गेल्या महिन्यात आमची पोस्टिंग पुरुषांच्या मेडिसिन वॉर्डात होती. केअर प्लॅनसाठी, म्हणजे एका रुग्णाच्या काळजीचा लेखी आराखडा करण्यासाठी, मला १४ नंबरच्या खाटेवरचे एक बाबा मिळाले होते. वय ५८ वर्षे, यकृताचा सिरोसिस आणि पोटात पाणी झालेले. सकाळी ओव्हर (आधीच्या पाळीकडून रुग्णांची माहिती) घेऊन झाली की त्यांचे वजन करायचे, बेंबीवरून टेप फिरवून पोटाचा घेर मोजायचा, इनटेक-आउटपुट (पोटात किती पाणी गेले, लघवी किती झाली) लिहायचे आणि लॅक्टुलोज हे रेचक औषध दिल्यावर किती वेळा शौचास झाली हे विचारायचे, हे माझे काम होते. ते मला ‘पोरी’ म्हणत. टेप लावला की दर वेळी विचारत, ‘आज किती भरलं? सदऱ्याला कापड पुरंल का?’

पाचव्या दिवशी मी वॉर्डात पोहोचले तेव्हा त्यांच्या खाटेभोवती पडदे ओढलेले होते. पहाटे रक्ताची उलटी झाली आणि त्यातच ते गेले, एवढेच मला कळले. स्टाफ सिस्टरांनी मला लास्ट ऑफिससाठी, म्हणजे मृत्यूनंतर शरीराची आवराआवर करण्यासाठी, मदतीला बोलावले. हनुवटीची पट्टी, नाकात कापूस, पायाचे अंगठे बांधणे, ओळखपट्टी, सगळे मी पुस्तकात पाठ केलेल्या क्रमाने केले आणि त्या वेळी माझा हात जरासुद्धा थरथरला नाही. अर्ध्या तासात खाट पुसून नवी चादर घातली गेली आणि त्या जागी दुसरे रुग्ण आले. साडेदहाच्या सुमारास क्लिनिकल इन्स्ट्रक्टर मॅडमनी माझा केअर प्लॅन मागितला. त्यातला शेवटचा, मूल्यमापनाचा रकाना कोरा होता. नव्या रुग्णाच्या नातेवाइकांसमोर आणि दोन डॉक्टरांसमोर त्यांनी मला विचारले की चार दिवस मी झोपा काढत होते का, आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलेले पाहून म्हणाल्या की इतके हळवे असणाऱ्यांसाठी हा पेशा नाही.

या गोष्टीला आज २४ दिवस झाले. रात्री तीन वाजता जाग येते आणि मग झोप लागत नाही. बीपी मोजून कागदावर लिहीपर्यंत आकडा विसरते, म्हणून पुन्हा मोजते आणि मग मागून ओरडा बसतो. मेसमधले जेवण पाहिले की मळमळते. फार्माकोलॉजीचे एक पान चार वेळा वाचले तरी शेवटी हाती काही लागत नाही. आईचा फोन आला की सगळे छान चालले आहे असे सांगते, कारण वडिलांनी माझ्यासाठी शैक्षणिक कर्ज काढले आहे. कधी कधी वाटते की सकाळ होऊच नये.

सर्वांनाच असे होते का? कॉलेजच्या समुपदेशकांकडे गेले तर माझ्या नावावर काही नोंद होईल का? आणि अशा अवस्थेत अभ्यास कसा करावा? की मी खरोखरच या क्षेत्रासाठी नाही?

उत्तर १ (निवृत्त वॉर्ड सिस्टर)

बाळ, तुझा प्रश्न काल रात्री वाचला आणि आज सकाळी पुन्हा वाचला. मी तीस वर्षांहून अधिक काळ सरकारी रुग्णालयात काढला आणि त्यातली बरीच वर्षे मेडिसिन वॉर्डातच गेली, म्हणून थोडे अधिकाराने लिहिते.

तुझा हात त्या वेळी थरथरला नाही, हे तू जरा अपराधी भावनेने लिहिले आहेस असे मला वाटले. काम समोर असते तेव्हा हात चालतो आणि मन मागे राहते, मग ते मन रात्री तीन वाजता येऊन दार वाजवते. माझ्या बाबतीत हेच झाले होते. माझी पहिली रुग्ण एक बाळंतीण होती. त्या दिवशी मी सगळी पाळी व्यवस्थित पार पाडली आणि आठ दिवसांनी हॉस्टेलमध्ये कोणाच्या तरी हातून स्टीलचा पेला पडला, त्या आवाजाने मी ओक्साबोक्शी रडले. कोणालाच कारण कळेना आणि मला ते सांगता येईना.

आम्हाला तेव्हा ‘मन घट्ट कर’ एवढाच सल्ला मिळत असे. तो सल्ला चुकीचा होता असे आज मी स्पष्ट म्हणेन. मन घट्ट केलेल्या माझ्या काही मैत्रिणी पुढे रुग्णांशीही तशाच वागू लागल्या. इंजेक्शन देताना त्या माणसाच्या तोंडाकडे पाहतही नसत, आणि त्यालाच अनुभव म्हणायची पद्धत होती.

तुझ्या वॉर्डात त्या सकाळी एक गोष्ट राहून गेली आणि ती करायला पैसा किंवा जास्तीचा स्टाफ लागत नाही. मी इन्चार्ज झाल्यावर माझ्या वॉर्डात नियम केला होता की विद्यार्थिनीने ज्या रुग्णाची काळजी घेतली तो रुग्ण गेला, तर शरीर वॉर्डातून हलवल्यानंतर तिला मावशींबरोबर पॅन्ट्रीत चहाला पाठवायचे. परत आली की मी तिला ड्रेसिंग ट्रॉलीजवळ उभी करून दोनच गोष्टी विचारत असे. तुला त्यांच्याबद्दल काय आठवते? आणि आपण काही वेगळे करायला हवे होते असे तुला वाटते का? बहुतेक मुलींना दुसरा प्रश्न जास्त छळत असे. कोणी म्हणे, मी पाणी द्यायला उशीर केला. कोणी म्हणे, त्यांनी हाक मारली तेव्हा मी चार्ट लिहीत होते. अशा वेळी आजार कसा पुढे गेला हे पाच मिनिटांत समजावून सांगितले की त्यांच्या खांद्यांवरचे ओझे उतरलेले दिसायचे.

तुलाही तेच सांगते. सिरोसिसमध्ये यकृताकडे जाणाऱ्या रक्ताला वाट मिळत नाही, त्यामुळे अन्ननलिकेच्या खालच्या भागातल्या शिरा फुगतात आणि एखादी शीर अचानक फुटते. पहाटेची ती रक्ताची उलटी बहुधा याच कारणाने झाली असावी. तुझ्या टेपने किंवा तुझ्या चार्टने ती थांबणार नव्हती, आणि तू तिथे असतीस तरी थांबली नसती.

हाताने करण्यासारखे एक काम सांगते. पाळी संपल्यावर वॉर्डाच्या बेसिनवर हात धुताना त्या दिवशीच्या रुग्णांची नावे एकेक करून मनात घ्यायची आणि नळ बंद केला की तिथून निघायचे. आम्ही काही जणींनी हे कित्येक वर्षे केले. यात शास्त्र किती आहे हे मॅडम लोकांना विचार, पण झोप थोडी बरी लागत असे. आणि बीपी दोनदा मोजतेस ते मोजत राहा. न मोजता आकडा लिहिणारी मुलगी मला कधीच चालली नाही.

उत्तर २ (प्राध्यापिका, मानसिक आरोग्य परिचर्या)

तुमच्या लेखनातील एका वाक्यापासून सुरुवात करते, कारण बाकी सगळ्या गोष्टी त्यानंतर येतात. ‘सकाळ होऊच नये’ असे तुम्ही लिहिले आहे. याचा अर्थ खूप थकवा आला आहे असाही होतो आणि जगणे नकोसे झाले आहे असाही होतो, म्हणून सरळच विचारते: स्वतःला इजा करण्याचे किंवा जीव देण्याचे विचार येतात का? येत असतील तर आज रात्री खोलीत एकट्या राहू नका, खोलीतल्या मैत्रिणीला आणि वॉर्डनना सांगा आणि जवळच्या रुग्णालयाच्या अपघात विभागात किंवा मानसोपचार विभागात जा. टेलि-मानस ही केंद्र शासनाची विनामूल्य सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६ आहे, ती दिवसरात्र चालते आणि तिथे मराठीतून बोलता येते. विचार तितके टोकाचे नसले तरी हा क्रमांक तुमच्यासाठीच आहे.

आता नोंदीविषयी. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ नुसार उपचार घेणाऱ्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क आहे आणि उपचार करणाऱ्या व्यावसायिकाला ती माहिती कोणालाही देता येत नाही. जिवाला धोका असणे किंवा न्यायालयाचा आदेश असणे असे थोडे अपवाद कायद्यात दिले आहेत. कॉलेजच्या समुपदेशकांकडे गेल्यावर पहिल्याच भेटीत ‘तुम्ही काय लिहून ठेवता आणि ते कोण वाचते?’ असे विचारण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे, आणि चांगल्या समुपदेशकाला या प्रश्नाचा राग येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत जी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली, त्यांत १०० किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असणे बंधनकारक केले आहे. त्यामुळे समुपदेशकाकडे जाणे म्हणजे कोणाकडे मेहेरबानी मागणे नव्हे.

सर्वांनाच असे होते का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर दोन भागांत द्यावे लागेल. ज्याची सेवा केली तो माणूस गेल्यावर काही दिवस झोप उडणे, भूक मरणे, लक्ष न लागणे हे दुःखाचे नैसर्गिक रूप आहे. मात्र २४ दिवस हा थोडा काळ नाही. तुम्ही पुढे नैराश्याची लक्षणे तपासणारी जी पीएचक्यू-९ प्रश्नावली रुग्णांकडून भरून घ्याल, ती आज स्वतःसाठी भरून पाहा. मागच्या दोन आठवड्यांविषयी ९ प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण आणि एकूण २७. बेरीज १० किंवा अधिक आली तर डॉक्टरांना भेटावे. नववा प्रश्न जीव देण्याच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी असतो, त्याला शून्याखेरीज दुसरे कोणतेही उत्तर आले तर बेरजेचा विचारच करू नये, त्याच दिवशी कोणाला तरी सांगावे. ही निदान करणारी चाचणी नाही, हे मात्र लक्षात असू द्यावे.

स्मरणाबद्दल. तुमची बुद्धी कमी झालेली नाही. सतत सावध असलेल्या मनाला समोरचा आकडा नीट टिपताच येत नाही, आणि जे टिपले जात नाही ते आठवण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय दिवसभरात शिकलेले पक्के होण्याचे काम झोपेत होते, आणि तुमची झोप तीन वाजताच तुटते आहे. म्हणून रात्री दोनपर्यंत जागून वाचण्याचा मार्ग तुमच्यासाठी या घडीला उलटा ठरेल.

लाझारस आणि फोकमन यांनी १९८४ मध्ये मांडलेले ताणाला तोंड देण्याचे दोन मार्ग आमच्या विद्यार्थिनी परीक्षेत बिनचूक लिहितात: एक समस्येवर काम करण्याचा, दुसरा भावनेवर काम करण्याचा. प्रत्यक्षात मात्र मी त्यांना हे मार्ग उलटे वापरताना पाहते. मृत्यू ही सोडवता येणारी समस्या नाही, तिथे बोलणे, रडणे, आठवणे हाच उपाय आहे, आणि तिथे त्या अधिक पाठांतर करून प्रायश्चित्त घेऊ पाहतात. फार्माकोलॉजी ही सोडवता येणारी समस्या आहे, आणि तिथे त्या नुसत्या रडतात.

तुमचा कोरा रकाना. तुमच्या शिक्षिकेने जे केले ते शिकवणे नव्हते, आणि मी स्वतः शिक्षिका असल्यामुळे हे लिहिताना मला संकोच वाटतो, तरी लिहिते. परंतु रकान्यात काही तरी लिहायला हवे होते, हेही खरे आहे. मूल्यमापन हे ठरवलेल्या उद्दिष्टाचे असते. रुग्ण जगला की गेला याची नोंद तिथे अपेक्षित नसते. पोट ताणल्यामुळे होणारा त्रास कमी व्हावा हे उद्दिष्ट असेल, तर डोक्याकडची बाजू उंच करून बसवल्यावर श्वासाची गती किती होती, त्यांनी स्वतः काय सांगितले, घेर आणि वजन चार दिवसांत कसे बदलले, हे सगळे तुमच्याजवळ आहे. त्याखाली मृत्यूची तारीख आणि वेळ लिहावी. तुमच्या चार दिवसांच्या कामाची एवढी तरी नोंद राहायला हवी.

उत्तर ३ (विद्यार्थी, बी.एस्सी. नर्सिंग, तिसरे वर्ष)

सिस्टर आणि मॅडम यांचे म्हणणे आदराने वाचले, तरी माझे मत थोडे वेगळे आहे. आमच्या वर्गात कोणाला वॉर्डातल्या मृत्यूंमुळे फारसा त्रास झाला असे मला दिसले नाही. त्रास झाला तो चारचौघांत होणाऱ्या अपमानाचा, आणि नमुने लॅबमध्ये पोहोचवणे व औषधे आणणे यांत निम्मी पोस्टिंग गेल्यावर तोंडी परीक्षेत ‘वॉर्डात काय शिकलात?’ असे विचारले जाण्याचा. दीर्घ श्वास घेतल्याने आपण शांत होतो, समोरचा ओरडायचा थांबत नाही. त्यात ८० टक्के हजेरीची अट आहे आणि पदवीपूर्वी प्रत्येक क्लिनिकल विभागाची हजेरी १०० टक्के पूर्ण करावी लागते, म्हणून आजारी पडायलाही भीती वाटते, कारण चुकलेली पोस्टिंग पुढे सुटीत भरून काढावी लागते. हे सगळे एकट्या मुलीच्या मनाचे प्रश्न आहेत असे समजून सोडवता येणार नाहीत.

आम्ही एक केले. वर्गातल्या अकरा जणांनी मिळून प्राचार्यांना एक साधे पत्र दिले. त्यात कोणत्याही शिक्षकाचे नाव घेतले नाही. विनंती एकच होती: रुग्णाला तत्काळ धोका असेल तेवढीच चूक खाटेजवळ सांगावी आणि बाकी सगळ्या चुका पाळीच्या शेवटी होणाऱ्या पोस्ट-कॉन्फरन्समध्ये सांगाव्यात. ही पोस्ट-कॉन्फरन्स आमच्या वेळापत्रकात आधीपासून होतीच, फक्त तिथे केवळ हजेरी घेतली जात असे. आता बहुतेक शिक्षक विनंती पाळतात, दोघे पाळत नाहीत. एकट्याने पत्र देऊ नये, एवढे मात्र अनुभवाने सांगतो.

अभ्यासाबद्दल. मीही मराठी माध्यमातला आहे. इंग्रजी परिच्छेद पाठ करणे मी पहिल्या वर्षानंतर सोडले. औषध हे रुग्णाच्या नावाने लक्षात ठेवायचे आणि आधी मराठीत ‘म्हणून’ जोडत जायचे. तुमच्या बाबांचेच घ्या. पोटात पाणी, म्हणून स्पायरोनोलॅक्टोन आणि जोडीला फ्युरोसेमाइड. फ्युरोसेमाइड लघवीवाटे पोटॅशियम घालवते, म्हणून अशक्तपणा आणि नाडीची अनियमितता पाहायची. स्पायरोनोलॅक्टोन पोटॅशियम राखते, म्हणून दोन्ही एकत्र, आणि म्हणूनच रक्तातले पोटॅशियम वरचेवर तपासायचे. दोन्हींनी लघवी वाढते, म्हणून सकाळी द्यायची, म्हणजे रात्री उठावे लागत नाही. लॅक्टुलोज आतड्यातला अमोनिया बाहेर काढते, म्हणून दिवसातून दोन-तीन वेळा मऊ शौच होणे हेच आपल्याला हवे असते, आणि माणूस गोंधळल्यासारखा बोलू लागला किंवा पुढे केलेले हात पंखांसारखे फडफडू लागले तर लगेच कळवायचे. हे तुम्ही चार दिवस रोज करत होतात. म्हणजे एक पूर्ण प्रश्न तुमचा तयार आहे, फक्त तो इंग्रजीत उतरवायचा राहिला आहे.

उत्तर ४ (प्राध्यापिका, मानसिक आरोग्य परिचर्या)

वरील पत्राची कल्पना मला पटली आणि माझ्या उत्तरात ही बाजू राहिली होती हे मान्य करते. तरीही मृत्यूंचा त्रास कोणाला झाला नाही, या निष्कर्षाविषयी मला शंका आहे. विशेषतः मुलगे हे सांगतच नाहीत. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांत पोस्टिंगला येणारे विद्यार्थी शेवटच्या आठवड्यात बाजूला घेऊन ‘माझ्या एका मित्राला असे होते’ म्हणून विचारतात, आणि तो मित्र बहुतेक वेळा समोरच उभा असतो.

मूळ प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. मॅडम, तुम्ही सरळ विचारलेत म्हणून सरळ उत्तर देते. जीव देण्याचा विचार नव्हता, पण वॉर्डात जावेच लागू नये म्हणून पायऱ्यांवरून पडून पाय मोडावा असे रात्री दोनदा वाटले होते. हे मी आधी कोणाला सांगितले नव्हते. काल रात्री खोलीतल्या मैत्रिणीला सांगितले आणि तिच्याच फोनवरून १४४१६ लावला. पलीकडच्या ताई सुमारे वीस मिनिटे बोलल्या. बहुतेक वेळ मीच बाबांच्या सदऱ्याच्या कापडाबद्दल बोलत होते. पीएचक्यू-९ ची बेरीज १३ आली, नववा प्रश्न १. मानसोपचार ओपीडीत गुरुवारी जाणार आहे, मैत्रीण सोबत येईल. आईला अजून सांगितलेले नाही.

रकान्यात पहिल्या दिवशीचा घेर ९८ आणि चौथ्या दिवशीचा ९५ सेंटिमीटर लिहिला. मॅडमकडे वही अजून दिलेली नाही.

प्रतिसाद (जी.एन.एम. या नर्सिंग पदविकेची विद्यार्थिनी, दुसरे वर्ष)

मध्येच विचारते, क्षमस्व. आमच्या संस्थेत तिन्ही वर्षांच्या मिळून ७० च मुली आहेत. मग समुपदेशक नेमण्याचा तो नियम आम्हाला लागू होत नाही का?

उत्तर ५ (प्राध्यापिका, मानसिक आरोग्य परिचर्या)

१०० पेक्षा कमी विद्यार्थी असलेल्या संस्थेने स्वतःचा समुपदेशक नेमला नाही तरी चालते, परंतु बाहेरच्या मानसिक आरोग्य तज्ज्ञांशी औपचारिक व्यवस्था करून ठेवणे त्याच मार्गदर्शक तत्त्वांनुसार आवश्यक आहे. टेलि-मानससारख्या मदत क्रमांकांचे फलक वसतिगृहात आणि वर्गात ठळकपणे लावणे तर सर्वच संस्थांना बंधनकारक आहे. तुमच्या मेसच्या सूचनाफलकावर तो लावला आहे का, हे आधी पाहा. नसेल तर प्राचार्यांना पत्र लिहा, आणि वर सांगितल्याप्रमाणे ते एकटीच्या सहीने देऊ नका.